चौदाशे लेबलं, पण पुस्तक कशाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या काकांनी १९६१ ते १९९४ या काळात काडेपेट्यांची सुमारे १,४०० लेबलं जमवली आणि अकरा वह्यांत चिकटवून ठेवली. काका गेल्यावर वह्या तुमच्याकडे आल्या. तुम्ही गावात दोन दिवसांचं प्रदर्शन भरवलंत. लोक आले, काचेखाली उघडून ठेवलेली दोन-दोन पानं पाहिली, कौतुक केलं आणि गेले. वह्या परत कपाटात गेल्या. आता कुणीतरी ‘याचं आर्टिस्ट्स बुक करा’ असं सुचवलंय. ते नेमकं काय असतं, संग्रह मांडायला चालतं का आणि सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवंय.

चालतं. मी गेली चोवीस वर्षं पुस्तकं बांधते आणि त्यातली निम्मी तरी लोकांनी घरात जपलेल्या अशाच संग्रहांवर केलेली आहेत. लहान वस्तूंच्या संग्रहाला भिंतीपेक्षा पुस्तक जास्त मानवतं, असं माझं ठाम मत झालंय. काडेपेटीचं लेबल ही मुळात हातात धरून बघायची गोष्ट. पाच बाय साडेतीन सेंटिमीटरचा कागद चार फुटांवरून पाहिला की त्याचा नुसता रंगीत ठिपका होतो. वाघाचे पट्टे, खाली बारीक अक्षरात छापलेलं गावाचं नाव, किंचित सरकलेला लाल रंग यातलं काहीच दिसत नाही. पुस्तक मात्र माणसाला एकट्याला बसवतं आणि पान उलटायचा वेग त्याच्या हातात देतं.

आधी शब्दाचं बघू. मराठीत याला अजून एक असा रुळलेला शब्द नाही. मी ‘कलापुस्तक’ म्हणते. चित्रांचं पुस्तक किंवा चित्रकाराविषयीचं पुस्तक असा त्याचा अर्थ घेऊ नका. इथे पुस्तक हीच कलाकृती असते. कागद कुठला, घडी कशी, पान उलटल्यावर आधी काय दिसतं आणि मग काय, शिवण कुठे, वजन किती, हे सगळं मजकुराइतकंच बोलतं. मजकूर तोच ठेवून नुसती बांधणी बदलली तर पुस्तकाचा अर्थ बदलायला हवा. बदलत नसेल, तर ते चांगलं छापलेलं साधं पुस्तक आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण ते कलापुस्तक नाही.

एड रुशे या अमेरिकी चित्रकाराचं नाव या विषयात सगळ्यात आधी निघतं, आणि तुमच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. १९६३ साली त्याने एक पातळ पुस्तक काढलं: लॉस एंजेलिस आणि ओक्लाहोमा सिटी यांच्या दरम्यानच्या रस्त्यावरच्या २६ पेट्रोलपंपांचे फोटो, प्रत्येकाखाली पंपाचं आणि गावाचं नाव, बाकी काही नाही. पहिली आवृत्ती ४०० प्रतींची. १९६६ साली त्याने लॉस एंजेलिसमधल्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरची एकूण एक इमारत पंख्यासारख्या घडीच्या पुस्तकात मांडली. ते पूर्ण उलगडलं की सुमारे २५ फूट लांब होतं. रस्त्याची एक बाजू कागदाच्या वरच्या कडेने जाते, दुसरी खालच्या कडेने उलटी छापलेली, आणि मधला पांढरा कागद म्हणजे रस्ता. वाचणारा त्यावरून चालत जातो. दोन्ही पुस्तकं संग्रहच आहेत. पण पंप एकेक करून, मध्ये अंतर सोडून भेटतात, म्हणून त्यांचं पान-पान उलटायचं पुस्तक झालं. इमारती एकमेकींना चिकटून उभ्या असतात, म्हणून त्यांची अखंड पट्टी झाली. बांधणी संग्रहातूनच आली. मला तुम्हाला सांगायचंय ते मुख्यतः एवढंच. बाकी सगळा त्याचा विस्तार आहे.

आता दुसरं उदाहरण. ते मी शिकवताना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मला त्यात नवीन काही सापडतं. डॅनिएल स्पोएरी हा कलाकार पॅरिसमध्ये रू मूफ्तारवरच्या एका हॉटेलात लहानशा खोलीत राहत होता. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी दुपारी ३ वाजून ४७ मिनिटांनी टेबलावर ज्या वस्तू जशा पडल्या होत्या, तशाच त्याने नकाशावर उतरवल्या: प्रत्येक वस्तूच्या कडेने रेषा आणि तिला क्रमांक. अशा ८० वस्तू. पावाचा तुकडा, अंड्याचं भांडं, बुचं, असलं सगळं. मग एकेका क्रमांकाखाली त्याने लिहिलं की ही वस्तू कुठून आली, कुणी आणली, त्या दिवशी काय झालं होतं. १९६२ साली त्याची छोटी पुस्तिका निघाली. पुढच्या आवृत्त्यांमध्ये मित्रांनी त्याच्या टिपांवर टिपा लिहिल्या, त्यावर स्पोएरीने आणखी लिहिलं, आणि पुस्तक घरासारखं खोल्या काढत वाढत गेलं.

या ८० वस्तूंना बाजारात काही किंमत नव्हती. कुठल्याही संग्रहालयाने त्या मागितल्या नसत्या. पुस्तक उभं राहिलं ते दोन गोष्टींवर. एक, त्याने कडक हद्द आखली: हे टेबल, ही वेळ, बाहेरचं काही नाही. दोन, प्रत्येक वस्तूबद्दल त्याला काहीतरी खरं माहीत होतं, आणि जेवढं माहीत होतं तेवढंच त्याने लिहिलं. काहींखाली दोन ओळी आहेत, काहींखाली पानभर. सगळ्यांना सारखी जागा द्यायच्या भानगडीत तो पडला नाही. घरगुती संग्रहाचं पुस्तक करणारे नव्याण्णव टक्के लोक नेमके इथेच अडखळतात. प्रत्येक पानावर सहा लेबलं, प्रत्येकाखाली दोन ओळी, असा साचा ठरवतात. विसाव्या पानाला वाचणारा थकतो आणि करणाराही.

हा प्रकार परदेशातून आलाय असं समजून बिचकू नका. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. त्यांची ‘पोथी’ म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एक चित्र समोर धरतो, तो प्रसंग वाद्यांच्या साथीने गातो, मग पुढचं धरतो. या पोथीला शिवण नाही, कणा नाही. क्रम सांगणाऱ्याच्या गळ्यात आहे. काम झालं की गठ्ठा कापडात बांधून ठेवायचा. परशुराम गंगावणे यांनी तिथे गुरांच्या गोठ्यात ही चित्रं आणि कळसूत्री बाहुल्या मांडून संग्रहालय उभं केलं, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्ही एकदा जाऊन या. संग्रह कसा हातात धरून दाखवता येतो, हे तिथे अर्ध्या तासात कळतं. मला ते पुस्तकं वाचून कळायला चार वर्षं लागली होती.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद ‘रुमालां’त बांधलेले असतात. रुमाल हे नुसतं वेष्टन नाही, ते मोजमापही आहे: एवढे कागद मिळून एक रुमाल. पोथीच्या दोन फळ्या, दुकानातली लाल कापडाची चोपडी, सनावळ्यांची लांब गुंडाळी हे सगळे आपल्याकडचे, संग्रह सांभाळायचे आणि उघडून दाखवायचे तयार प्रकार आहेत. तुमच्या लेबलांना यातला एखादा जवळचा वाटतो का, ते बघा.

आजच्या काळातलं नाव घ्यायचं तर छायाचित्रकार दयानिता सिंग. त्यांचं २००८ सालचं ‘सेंट अ लेटर’ म्हणजे एका खोक्यातली सात छोटी घडीची पुस्तकं. २०१७ साली आलेल्या ‘म्युझियम भवन’मध्ये अशी नऊ आहेत. प्रत्येक पुस्तक हे एक ‘म्युझियम’: एक छापखान्यांचं, एक गोदरेजच्या कपाटांचं, एक यंत्रांचं. टेबलावर उभं करून उलगडलं की प्रदर्शन लागलं, मिटलं की शर्टाच्या खिशात. मी पहिल्यांदा ते हातात घेतलं तेव्हा दोन गोष्टी जाणवल्या. चित्रांखाली एकही ओळ नव्हती, तरी मी पुढचं-मागचं जोडत होते, कारण घडीत दोन चित्रं शेजारी येतात, आणि तीच घडी वेगळी उघडली की शेजार बदलतो. दुसरं म्हणजे कुठलं आधी मांडायचं हे माझ्या हातात होतं. ज्याच्याकडे पुस्तक, तो त्या संग्रहालयाचा व्यवस्थापक. तुमचा चुलतभाऊ आणि तुमची मुलगी तेच पुस्तक टेबलावर वेगवेगळं मांडतील.

आता तुमच्या वह्यांकडे येते.

पहिलं काम: वह्यांमधलं एकही लेबल सोडवू नका. हौशी संग्राहक पेटीवरचं लेबल पाण्यात भिजवून सुटं करतात, तुमच्या काकांनीही तसंच केलं असेल. पण वहीतून पुन्हा सोडवणं ही वेगळी गोष्ट. डिंकाने किंवा खळीने लावलेलं पाण्याला सुटेल, फेविकॉलने लावलेलं सुटता सुटता वरची शाई घेऊन जाईल. आणि समजा सगळी सुखरूप सुटली, तरी तुम्ही त्यांचा क्रम गमावलात. तो क्रम हीच तुमच्याकडची सगळ्यात दुर्मिळ गोष्ट आहे. लेबलं इतर संग्राहकांकडेही असतील. तीच लेबलं तुमच्या काकांनी ज्या ओळीने लावली ती ओळ जगात एकाच ठिकाणी आहे.

म्हणून वह्या जशा आहेत तशा, कोरी पानं आणि मुखपृष्ठंसुद्धा धरून, पान-पान फोटो काढून ठेवा. मग फक्त एक प्रश्न घेऊन अकराही वह्या बघा: काकांनी हे कसल्या हिशेबाने लावलंय? मिळेल तसं? मग ती चौतीस वर्षांची रोजनिशी आहे. प्राणी एकीकडे, देव एकीकडे, जहाजं-विमानं एकीकडे? मग त्यांच्या मनात जगाची एक मांडणी होती. गावांनुसार? मग प्रवास. कुठे रांग मोडलीय का, एखादं लेबल उलटं, एखाद्याची जागा रिकामी ठेवलेली? रिकामी जागा सापडली तर तिच्यावर बोट ठेवा. त्यांना जे मिळायचं राहिलं होतं, ते तिथे आहे.

एका गृहस्थांचं काम सांगते. वडील शिंपी. दुकान बंद झालं तेव्हा मापांच्या एकोणीस वह्या निघाल्या. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, छाती-कंबर-बाही, आणि कोपऱ्यात त्या कापडाचा नखाएवढा तुकडा टाचणीने लावलेला, कापड चुकू नये म्हणून. मुलाला तुकड्यांचं पुस्तक हवं होतं: टेरिकॉट, खादी, पॉपलिन, असं वर्गवार. मी तसा एक नमुना करून पाहिला. दिसायला देखणा झाला, पण निर्जीव. मग दोघं बसून वह्या पुन्हा चाळल्या. एका गिऱ्हाइकाचं नाव सहा वह्यांत सापडलं. कंबर २८ पासून ३८ पर्यंत गेली होती आणि शेवटच्या पानावर पुन्हा ३४. तुकडे सगळे वेगळे, अक्षर तेच. आम्ही त्या एका माणसाचं पुस्तक केलं, नाव काढून टाकून. बावीस पानं, प्रत्येक पानाची रुंदी त्या-त्या वर्षीच्या कंबरेच्या मापाने कमी-जास्त कापलेली. मिटल्यावर पुस्तकाची पुढची कड सरळ येत नाही, फुगते आणि शेवटी आत वळते. मुलाने ते हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. उरलेल्या सगळ्या तुकड्यांना त्या पुस्तकात जागा नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. त्यांची यादी वेगळी केली, ती संगणकात आहे.

तेव्हा यादी आणि पुस्तक ही दोन कामं वेगळी धरा. यादीत १,४०० च्या १,४०० लेबलं यायला हवीत: क्रमांक, वही, पान, छापाचं नाव, कारखान्याचं गाव, किंमत छापली असेल तर किंमत. हे कंटाळवाणं काम आधी करा, टाळू नका. यादी झाली की पुस्तकावर सगळं दाखवायचं ओझं राहत नाही. मग पुस्तक चाळीस लेबलांचं होऊ शकतं, बाराचं होऊ शकतं, एकाचंही.

यादी करताना लेबलांमागचा इतिहासही दिसायला लागेल. आपल्याकडे आधी स्वीडन आणि जपानहून काड्या यायच्या. जपानी कारखाने इथल्या गिऱ्हाइकासाठी देवादिकांची लेबलं छापायचे. १९२० च्या दशकात ‘विमको’ या काडेपेट्यांच्या कंपनीने अंबरनाथला कारखाना काढला. त्याच दशकात शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर कलकत्त्याला जाऊन काड्या करायचं तंत्र शिकून आले. काड्यांना लेबलं लागतात, म्हणून शिवकाशीत छापखाने आले, आणि लेबलांचं बोट धरून वाढलेला तो छपाईचा धंदा पुढे देशभरची कॅलेंडरं छापू लागला. तुमच्या काकांच्या काळातच आणखी एक बदल झाला. पातळ लाकडी पापुद्र्याच्या पेट्या मागे पडून पुठ्ठ्याच्या आल्या, आणि पुठ्ठ्यावर चित्र थेट छापता येतं, वेगळं लेबल चिकटवावं लागत नाही. वह्यांत कुठेतरी लेबलं संपून कापलेल्या पेट्या सुरू झालेल्या दिसतील. ते पान शोधा. माझ्या अंदाजाने तुमच्या पुस्तकाचा सांधा तिथे असू शकतो.

बांधणीबद्दल बोलायचं तर काही वाटा मला दिसतात, पण वह्या न बघता मी एकही ठरवणार नाही. वह्या रोजनिशीसारख्या असतील तर लांब घडी शोभेल, रुशेच्या रस्त्यासारखी. वर्गवार असतील तर सुटी पानं एका पेटीत, काडेपेटीसारखीच सरकणारी, म्हणजे आतला खण आणि बाहेरचं वेष्टन. हे सुचतं सगळ्यांना, म्हणून जरा सावध राहा. पेटीचा आकार फक्त गंमत म्हणून घेतला तर पाच मिनिटांत त्याची मजा संपते. खण सरकवल्यावर आत जे निघतं त्याला सरकवण्याची गरज असेल, तरच तो आकार घ्या. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने आपल्याच ६९ कामांच्या छोट्या प्रतिकृती उलगडणाऱ्या खोक्यांत बसवल्या, त्यातली काही खोकी चामड्याच्या बॅगेसकट. त्या खोक्याला अर्थ आहे, कारण माणूस आपलं आयुष्यभराचं काम बॅगेत भरून निघायच्या तयारीत होता, आणि काळही दुसऱ्या महायुद्धाचा होता.

आता हाताचं काम. यात चुका होतात त्या अगदी साध्या जागी.

लेबलं किमान ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. मोठी करून छापायची असतील तर १२०० ला. जुन्या छपाईत ठिपक्यांची जाळी असते. ती स्कॅन करून पुन्हा छापली की लाटांसारखी नक्षी उमटते. म्हणून आधी एकाच पानाचा नमुना छापून भिंगाखाली बघा. रंग ‘सुधारायचा’ मोह टाळा. पिवळा पडलेला कागद पिवळाच राहू द्या, काकांच्या डिंकाचा तपकिरी डागही.

घडीचं पुस्तक करणार असाल तर लेझर प्रिंट नको. टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची शाईची पूड, कागदाच्या वर बसतो आणि घडीवर फुटतो. माझ्या सुरुवातीच्या एका पुस्तकाच्या बाराही प्रती पहिल्या पावसाळ्यात घडीघडीवर पांढऱ्या पडल्या, त्या मी पुन्हा छापून दिल्या. पिगमेंट शाईचा इंकजेट किंवा स्क्रीन प्रिंटिंग घ्या, आणि घडी घालण्याआधी क्रीज, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, मारून घ्या. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, घडीला समांतर हवा. ओळखायची सोपी रीत: कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा. ज्या दिशेने मुकाट वाकतो, ती घडी ग्रेनला समांतर आहे. हातकागदाला ठळक ग्रेन नसतो, म्हणून तो घडीला बरा पडतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून हे काम चालू आहे. मात्र लेबलाची बारीक अक्षरं हातकागदाच्या खडबडीत पोतावर तुटतात. त्यासाठी गुळगुळीत कागदावर लेबल छापून ते हातकागदात खिडकी कापून मागून बसवावं, असा मधला मार्ग मी बरेचदा काढते.

एखाद्या प्रतीत खरी लेबलं घालायची असतील (दुबार असतील तरच) तर सबंध चिकटवू नका. वरच्या कडेला जपानी कागदाची बारीक बिजागरी लावून टांगा. पानांवर वस्तू आल्या की पुस्तक पुढून फुगतं आणि कणा निसटतो, म्हणून कण्याशी तेवढ्याच जाडीच्या अरुंद पट्ट्या शिवणीत घ्याव्या लागतात. जुना बाइंडर हे न सांगता करतो, नव्याला सांगावं लागतं. खळ मैद्याची चालेल, पण बाइंडर कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, ते इथे नको; तांब्याचा अंश कागद लवकर खातो. मोरचूद न घातलेली खळ त्याच दिवशी संपवा. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांना घरातच येऊ देऊ नका. तयार पुस्तक सुती कापडात बांधा, वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा, कागदाला लागू देऊ नका, आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत उघडून ठेवा. आपल्या आज्यांनी पोथ्या अशाच टिकवल्या.

मजकूर कमी ठेवा. काकांच्या हाताची एखादी नोंद वहीत असेल, ‘कोल्हापूर स्टँड, चहा’ एवढीच का असेना, तर ती त्यांच्या अक्षरात तशीच छापा. तुमची प्रस्तावना पुढे नको. सांगायचंच असेल तर शेवटच्या पानावर, कोण, कधीपासून कधीपर्यंत, कुठे, एवढं. वाचणाऱ्याला आधी लेबलांशी एकटं राहू द्या.

किती प्रती? पहिल्या खेपेला पाच. एक घरात, एक हाताळायला, एक नमुन्यादाखल, दोन देण्यासाठी. हाताळायची प्रत वेगळी असली की प्रदर्शनाची तुमची जुनी अडचण सुटते. काच नको. टेबल, एक खुर्ची, चांगला उजेड, शेजारी हात पुसायला कोरडा रुमाल. हातमोजेही नकोत, कागदासाठी स्वच्छ कोरडे हात बरे, मोज्यात बोटांना पानाची कड कळत नाही आणि कोपरे फाटतात. एका वेळी एकच माणूस बसेल. दोन दिवसांत तीस जणच बघतील, पण ते तीस जण पूर्ण बघतील. एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्यायचा प्रयत्न करा. देताना संदर्भ विभागात, मागितल्यावर हातात मिळेल अशी ठेवा, हे लेखी घ्या. नाहीतर ती पुन्हा कपाटात जाईल. विकायचा विचार असेल तर छापांच्या मालकी हक्काबद्दल आधी वकिलाला विचारा. कित्येक छाप अजून चालू आहेत.

खर्चाला घाबरू नका, वेळ मात्र जास्त धरा. यादीला तीन-चार महिने जातील. त्यानंतर साध्या वर्तमानपत्राच्या कागदावर, कात्री आणि खळ घेऊन, पुस्तकाचे निदान चार कच्चे नमुने करा. पडद्यावर बघून बांधणी ठरवू नका. हातात धरल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या नमुन्यात कुठेतरी हात आपोआप थांबतो, आणि तुम्ही मागचं पान पुन्हा उघडता. तो नमुना ठेवा.

आता सुरुवात उद्याच करा. पहिली वही उघडा आणि पहिल्या पानावरचं पहिलं लेबल कुठलं आहे ते बघा. काका १९६१ साली किती वर्षांचे होते, कुठे राहत होते, आणि ती पेटी कुणाच्या खिशातली किंवा कुठल्या चुलीशेजारची असेल, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. पान समोर धरून विचारा. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, त्या पानाच्या फोटोसोबत मला पाठवा. अकराव्या वहीचं शेवटचं भरलेलं पानही पाठवा, आणि त्यानंतर किती पानं कोरी आहेत तो आकडा.